तुम्ही म्हणालात 'थांब', त्यानं ऐकलं 'थाम'

वन्सं, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुमची खोड जुनीच. पण या वेळी कमाल केलीत. रविवारी तुमच्या करोल बागच्या घरी आपण दोघी मटार सोलत बसलो होतो, मुक्ताच्या नोकरीवरून चांगली जुंपली होती, आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे आता, पुढच्या रविवारी बोलू." मधल्या गुरुवारी दुपारी जेवून, तोंडावर पेपर घेऊन आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. तुम्हाला नसेल कळलं हो. मला मात्र त्या मटारांपासून सगळं लख्ख आठवतंय, आणि ज्यांना उत्तर द्यायचं त्या समोर नाहीत.

भांडण काय होतं ते एकदा नीट मांडते. तुमची बाजूही आता मलाच मांडायची आहे, नाइलाज आहे. मुक्ता, माझी एकुलती एक लेक आणि तुमची लाडकी भाची, गुडगावच्या ऑफिसातली चांगली चाललेली नोकरी सोडून हिमाचलात जाते म्हणते. तिथे डोंगर चढायला शिकवणारी एक संस्था आहे, तिथे हिला शिकवायला बोलावलंय. माझं म्हणणं, बिल्कुल नाही. रविवारचा कडे चढायचा छंद रविवारीच बरा. तुमचं म्हणणं, जाऊ दे तिला. मी विचारलं, आणि पडली म्हणजे? तुम्ही शेंग मोडत म्हणालात, "शैला, एकदा तिचा दोर तू धर. मग नाही म्हणायचं तर म्हण." मी म्हटलं, तुमचा धरला, तुमच्या त्या सगळ्या चढणाऱ्या टोळीचा धरला, पण पोटच्या पोरीचा धरणार नाही. दोर हातात घेणं म्हणजे ती पडू शकते हे आपणच कबूल करणं. यावर तुम्ही नुसत्या हसलात आणि तुमच्या वाटीतले मटार माझ्या वाटीत ओतलेत. मला इतका राग आला होता, की मी मटार तिथेच टाकून घरी आले.

मी तुम्हाला 'वन्सं' म्हणते यावर तुम्ही पहिल्या दिवसापासून कावलेल्या होतात. मी साताऱ्याहून लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरली नणंद आहे, नावानं हाक मारायची नाही. तुम्ही पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या, केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या, लग्न न केलेल्या, पँट घालणाऱ्या. म्हणालात, "अगं, मी काय संगीत नाटकातली आहे का?" पण सासूबाईंनी डोळे वटारले आणि विषय संपला. मग त्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला तुमच्या रविवारच्या मंडळींबरोबर देवीच्या टेकडीवर नेलंत, आणि मी खालून भाबडेपणानं हाक मारली, "वन्सं, डबा खाऊन घ्या." त्या पंजाबी, हरियाणवी, बंगाली पोरांना वाटलं, हे तुमचं नावच. तेव्हापासून तुम्ही साऱ्या डोंगराच्या वंसा दीदी झालात. तुमच्या दिवसांना पुण्याहून तुमचे मामेभाऊ आले होते. दारात एक धिप्पाड माणूस ढसाढसा रडत "हमारी वंसा दीदी चली गईं" म्हणतोय हे बघून ते मला हळूच विचारायला लागले, या वंसा कोण, आणखी कोणी गेलंय का? तशा दुःखातही मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी स्वयंपाकघरात गेले.

तो धिप्पाड माणूस सतबीर होता. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी कातळ.

टेकडी म्हटलं की तुम्हाला राग यायचा. फरिदाबाद मागे पडून टेम्पो कीकरांच्या रानात शिरला की ती समोर दिसायची, आणि पहिल्या खेपेला मी म्हटलंच, "अय्या, ही एवढीशीच होय?" आमच्या साताऱ्याच्या घराच्या खिडकीतून अख्खा किल्ला दिसायचा, मला या उंचवट्याचं काय कौतुक.  पुढच्या बाजूनं पायऱ्या होत्या, चुनऱ्या आणि नारळांची दुकानं होती, गावोगावचे लोक 'जय माता दी' म्हणत वर निघाले होते. तुम्ही मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलंत. तिथे टेकडी संपते आणि उभा कातळ सुरू होतो. तांबूस, करडा, मधूनच एखादी पांढरी शीर, आणि ऊन पडलं की सगळ्यावर साखर सांडल्यासारखी चमक. खालून वर बघताना माझ्या डोक्यावरचा पदर केव्हा घसरला ते मला कळलं नाही.  तुम्ही म्हणालात, "हा हिमालयाच्याही आधीपासून इथे उभा आहे. झिजून झिजून एवढा राहिलाय. लहान नाहीये तो, म्हातारा आहे."

मी चपला काढल्या. देऊळ वर होतं, चढायचं अजून बाकी होतं, पण मला वाटलं चपला इथेच काढाव्यात. तुम्ही ते पाहिलंत. एरवी मला चिडवायची एक संधी सोडायच्या नाहीत, पण त्या दिवशी सोडलीत. मग स्वतःचे बूट काढलेत आणि माझ्याशेजारी अनवाणी उभ्या राहिलात. आपली खरी ओळख तिथे झाली असं मी समजते.

तुम्ही देव मानायच्या नाहीत. निदान तसं सांगायच्या. मी मानते, आणि मला त्याची लाजही नाही. सासूबाईंचा नेम होता, आपली कुलदेवी पडली लांब महाराष्ट्रात, तिकडे जाणं होईपर्यंत इथल्या देवीची ओटी भरायची. त्या थकल्यावर तो नेम माझ्याकडे आला. पहिल्या वर्षी मी तांदूळ, नारळ, हळकुंड आणि खण घेऊन गाभाऱ्यापुढे बसले, तर पुजाऱ्यानं खणाची घडी उलगडून उन्हात धरली आणि विचारलं, "बहनजी, ये किसका ब्लाउज है?" मी म्हटलं, माताजीचं. तो म्हणाला, "अच्छा? पर नाप?" हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कातळाला टेकून इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. पुढे मात्र तो पुजारी दर आश्विनात माझी वाट बघायचा. "सितारा वाली बहनजी अपनी माता का कपड़ा लेकर आती हैं," असं लोकांना सांगायचा. मी साताऱ्याची म्हटलेलं त्यानं सितारा करून टाकलं होतं.

मी पायऱ्यांनी चढायची आणि तुम्ही कड्यानं. कडा जिथे संपतो तिथेच देवळाची मागची भिंत आहे. तुम्ही वर पोचलात की त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या, पाय कड्याच्या कडेवरून खाली सोडून. आत देवी, तिची पाठ भिंतीला. म्हणजे दोघी पाठीला पाठ लावून. मी पुढून ओटी घेऊन. किती वेळा म्हटलं असेन, एकदा पुढून या, दर्शन घ्या, कपाळाला कुंकू लावते. तुम्ही म्हणायच्या, "पुढच्या दारानं पाहुणे येतात. मी घरची आहे." आता तुम्हीच सांगा, देव न मानणारी बाई असं बोलते का? मला तेव्हाही हे विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही थट्टेवारी नेलं असतं, आणि मला ते वाक्य थट्टेत घालवायचं नव्हतं. म्हणून विचारलं नाही.

यात्रेकरूंवर तुमच्या टोळीतली काही पोरं नाक मुरडायची. गर्दी, ढोल, कचरा. एकदा त्यांच्यापैकी एकानं बोलून दाखवलं आणि तुम्ही त्याला पायऱ्यांकडे बघायला लावलंत. घुंगट घेतलेली एक गावची बाई, कडेवर जावळ काढायला आणलेलं पोर, डोक्यावर पुऱ्यांची टोपली, अनवाणी, तापलेल्या पायऱ्या चढत होती. मध्ये थांबत नव्हती. तुम्ही म्हणालात, "इसका दोर किसके हाथ में है, सोच." पोरगं बघत राहिलं. मीही. तशा बायका मी दर खेपेला बघत होते वन्सं, पण अशा नव्हत्या बघितल्या.

दोर धरायला तुम्ही मला शिकवलंत ते जबरदस्तीनं. खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळायचा, याला तुम्ही बिले म्हणायच्या. चढणारी वर जाईल तसा दोर सोडत जायचा, पडली तर आवळून धरायचा. मला म्हणालात, "नाव शैला, आणि दगडाला हात लावायला घाबरते. निदान दोर तरी धर." मी धरला. पण माझी एक पद्धत होती, ती तुम्हाला शेवटपर्यंत पटली नाही. मी दोर जरा जास्तच घट्ट धरायची, नजर स्वतःच्या हातांवर ठेवायची आणि तोंडानं देवीचं नाव घ्यायची. वरून तुमचा आवाज यायचा, "ढील दे गं. आणि वर बघ, मी वर आहे." मी खालून सांगायची, "देवीही वरच आहे, मी तिच्याशी बोलतेय." "शैला, दोर घट्ट धरला की माणूस पडत नाही असं नसतं. ओढला जाऊनही पडतं." मी ऐकायची नाही. माझ्या हातात दोर घट्ट असला की मला जिवाला बरं वाटायचं, तुम्हाला वर काय वाटतंय ते तुमचं तुम्ही बघा.

आता सतबीर. मुक्ताच्या जन्माआधीची थंडी होती ती. सतबीर तेव्हा मुनिरकात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, रोहतककडचा, मराठीचा एक शब्द न येणारा. त्या दिवशी तुमचा दोर त्याच्याकडे होता. मी दर्शन घेऊन, हलवा आणि चण्यांचे द्रोण दोन्ही हातात घेऊन मागच्या बाजूनं येत होते. माझं लक्ष द्रोणांवर. तुम्ही बऱ्याच वर होतात, आणि ज्या दगडाला तुम्ही धरलं होतं तो तुमच्या हातात हलला. तुम्ही खाली पाहिलंत, तर मी बरोब्बर त्याच्या खाली चाललेली. तुम्ही ओरडलात, "थांब!"

सासरी आल्यापासून तुमचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. पाय जागच्या जागी खिळले. दुसऱ्याच क्षणी तो दगड सुटून माझ्यासमोर, पाऊल टाकणार होते तिथे आदळला आणि फुटला. दगडाबरोबर तुम्हीही सुटलात. आणि हवेतच अडकलात, कारण सतबीरनं दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता. तुमचा गुडघा कातळावर आपटला, बाकी काही नाही. माझ्या हातातले द्रोण तसेच होते, एक चणाही सांडला नव्हता. मी ते तसेच धरून उभी.

नंतर चहाच्या टपरीवर सतबीर म्हणाला, "दीदी, आपने थाम बोला, मैंने थाम लिया." तुम्ही म्हणालात, "मी तुला बोललेच नाही रे. मैंने तो इसको रुकने को बोला. थांब, मतलब रुक."  मराठीत थांब म्हणजे उभी राहा, हिंदीत थाम म्हणजे घट्ट धर. तुम्ही मला एक म्हणालात, त्यानं दुसरंच ऐकलं. "सच बोलूँ दीदी," तो खाली बघत म्हणाला, "उस वक़्त मेरा ध्यान बंदरों पर था. आपकी आवाज़ आई तो हाथ अपने आप बंद हो गए." एका शब्दात आपण दोघी वाचलो होतो, वन्सं, आणि तो शब्द त्यातल्या एकीलाच उद्देशून होता. मला हे आजही नीट पेलत नाही. भांडी घासता घासता मध्येच आठवतं आणि माझा हात थांबतो.

त्यावरून आपण आयुष्यभर भांडलो. मी म्हणायची देवीनं वाचवलं, तिनंच तुमच्या तोंडी तो शब्द घातला. तुम्ही म्हणायच्या, दिल्लीत राहिल्यानं वाचलो, पुण्यात असतो तर मेलो असतो. मी म्हणायची, मग तुम्हाला दिल्लीत कोणी ठेवलं? तुम्ही म्हणायच्या, भारत सरकारनं. याच्या पुढे ते भांडण कधी गेलं नाही. सतबीरनं मात्र त्या दिवसापासून मुनिरकाच्या खोलीत देवीचा फोटो लावला आणि मराठीही शिकायला लागला, म्हणजे दोन्हीकडून पक्कं.

तुमच्या टोळीनं तो शब्दच उचलला. नवीन येणाऱ्या पोरांना वाटायचं, ही चढाईतलीच खास हाक आहे. पण घोळ तसाच राहिला. कोणी ती धरण्यासाठी मारायचं, कोणी थांबवण्यासाठी. वर बघितल्याशिवाय कळायचंच नाही.

मुक्ता शाळेत जायला लागली तशी तुम्ही तिला बरोबर न्यायला लागलात. घरी ती पक्की दिल्लीची. माजघर म्हणजे काय माहीत नाही, परसदार म्हणजे काय माहीत नाही, साताऱ्याची आजी काही म्हणाली की माझ्याकडे बघायची. पण कातळ, कपार, खोबण, घळ हे शब्द तिच्या तोंडात साखरेसारखे. तुम्ही तिला बजावलं होतं, "दगड उचलता येतो. ज्याला आपण धरून राहतो तो कातळ." ती चढायला लागली की मी देवळात जाऊन बसायची. ओटी असो नसो. घंटा वाजवायची, प्रदक्षिणा घालायची, पुजाऱ्याच्या नातवंडांची चौकशी करायची. खालून 'शाबाश' ऐकू आलं की समजायचं, पोचली. मी तिला एकदाही चढताना बघितलं नाही, वन्सं. मला ते झेपणार नाही हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं, आणि तुम्ही मला कधी आग्रह केला नाहीत. आग्रह केलात तो शेवटच्या रविवारी, मटार सोलताना.

तुमचे दिवस झाले. माणसं आली, गेली. तुमच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तुमची खोली आवरायला घेतली आणि दोर बघून तसाच बाहेर येऊन बसला. तो फारसं बोलत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मी मात्र सगळ्यांशी नीट बोलले, सगळ्यांना जेवायला वाढलं, आणि रोज सकाळी मला तुमचा राग यायचा. माझं म्हणणं पुरतं ऐकून न घेता गेलात म्हणून. तुमच्याइतकं माझ्याशी कोणी भांडलंच नाही हो. एवढ्या मोठ्या शहरात माझं असं एकच माणूस होतं.

गेल्या शनिवारी मुक्ता म्हणाली, "आई, उद्या मी आत्याची वाट चढणार आहे." तुम्ही शोधलेली, सरळ देवळाच्या पाठीशी निघणारी वाट. मी विचारलं, "दोर कोण धरणार?" ती म्हणाली, सतबीरकाका. मी म्हटलं, "नको. मी धरते."  तिला वाटलं मी विरघळले. छे. मी अट पुरी करायला निघाले होते. तुम्हीच म्हणाला होतात, एकदा दोर धर, मग नाही म्हण. चलो, धरते, आणि मग नाहीच म्हणते. तुमचं भांडण तुमच्याच नियमानं जिंकायचं होतं मला.

रविवारी धुकं लवकर उठलं. पळसाला कळ्या आलेल्या, मोर ओरडत होते, पुढच्या बाजूला ढोल. सतबीरनं माझ्या कमरेचे पट्टे तपासले, दोर तपासला, आणि बाजूला जाऊन उभा राहिला. आता तो आजोबा झालाय, पोट सुटलंय, पण त्या कातळापुढे अजून तसाच पोरगेला उभा राहतो. मुक्तानं कातळाला हात लावला, तो कपाळाला लावला. हे तिला मी नव्हतं शिकवलं. मग ती निघाली.

मी नेहमीसारखी हातांकडे बघत होते. देवीचं नाव घेत होते. दोर माझ्या बोटांतून थोडा थोडा वर जात होता आणि प्रत्येक वेळी मी तो थोडा मागे घेत होते.  कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी हात सोडून पुसायची हिंमत होईना. आणि वरून आवाज आला, "थांब!"

माझे हात आवळणारच होते, वन्सं. थाम असेल तर ती पडतेय, आवळायला हवं. थांब असेल तर मी ओढतेय, सोडायला हवं. ती बाहेर सगळ्यांशी हिंदी बोलते, माझ्याशी मराठी, आणि कातळावर तिची भाषा कोणती ते मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार कसं? मी कधी तिथे नव्हतेच. वर बघण्यावाचून इलाज नव्हता.

मी वर बघितलं.

ती खूप वर होती. डावा हात कपारीत, पाय काही दिसत नाही अशा जागी टेकलेले, उजवा हात दोर घेऊन कातळात ठोकलेल्या पुढच्या कडीकडे ताणलेला. आणि कडी टीचभर लांब. मधला दोर माझ्या हातापासून तिच्या कमरेपर्यंत ताठ. मी तिला खाली ओढत होते. तिची आई तिला खाली ओढत होती. मी हात सैल केले. जेवढा दोर ती मागत होती तेवढा दिला, आणि वर आणखी थोडा दिला. दोर कडीत अडकल्याचा बारीकसा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला.

त्यानंतर मी नजर खाली आणली नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही, ती अजूनही आहे, हे लिहितानाही आहे. पण मला दिसत होतं. ती हात कातळावर असा ठेवत होती, जसा झोपलेल्या माणसाच्या अंगावर ठेवतात, त्याला जाग येऊ नये म्हणून. घाई नाही, ओढाताण नाही. एके ठिकाणी ती थांबली, मान वळवून तिनं खालचं सगळं रान बघितलं, आणि मग उगाचच हसली. एवढ्या उंचावर, बोटांच्या जोरावर उभी असताना. पायऱ्यांवरचे यात्रेकरू वळणावर थांबून बघत होते. एका म्हातारीनं तिच्याकडे बघून हात जोडले. मी माझ्या पोरीला इतकी वर्षं वाढवलं, तिचे पाय, तिचे हात, तिची नखंसुद्धा मला पाठ, आणि ही कोण बाई त्या कातळावर चढतेय ते मला माहीतच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या त्या पहिल्या रविवारी चपला काढताना आला होता तसा नाही, त्याहून मोठा.

वन्सं, ती किती सुंदर चढते हो.

तुम्हाला हे माहीत होतं. ती लहान होती तेव्हापासून तुम्ही हे दर रविवारी बघत होतात, आणि मला शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर मी म्हटलं असतं, तुम्हाला भाचीचं सगळंच कौतुक. ते तुम्ही ओळखून होतात. मला किती ओळखायच्या तुम्ही. याबद्दल तुमचे आभार मानायला हवे होते, आणि मी तुमच्या खिचडीत मीठ कमी आहे एवढंच सांगत राहिले.

ती वर पोचली. देवळाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून, पाय सोडून बसली. मग पायऱ्यांनी खाली आली. कपाळाला कुंकू होतं, म्हणजे पुढून जाऊन दर्शनही घेऊन आली होती. तुमची आणि माझी, दोघींची झाली ती त्या दिवशी. माझ्यासमोर उभी राहिली, दम लागलेला, हातांना घाम टिपायची पांढरी भुकटी. म्हणाली, "धरलास ना दोर? आता म्हण नाही. आत्याची अट मला माहीत आहे."

मी पाठ करून आणलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. नोकरी, लग्न, वय, पेन्शन. मी म्हटलं, "तिकडे थंडी फार असते. मोजे चांगले जाड घे."

भांडण तुम्ही जिंकलात, वन्सं. समोर असतात तर हे मी मेले तरी कबूल केलं नसतं.